बेरिंबावच्या पायाशी

चि. नातीस,


तुझं पत्र पोचलं. तुमच्या कापोएराच्या, त्या ब्राझिलियन खेळाच्या, गटाला महोत्सवात आठ मिनिटांचा कार्यक्रम करायला बोलावलंय, त्यावरून गटात दोन तट पडलेत, आणि आपण कुठल्या बाजूला उभं राहावं हे तुला ठरवता येत नाहीये. काही जण म्हणतात, रोदा, म्हणजे खेळाचं रिंगण, पवित्र असतो, तो तिकीट लावून दाखवायचा नसतो. बाकीचे म्हणतात, लोकांनी बघितलंच नाही तर कापोएरा इथे रुजणार कसा? मला विचारलंस, कारण माझं आयुष्य रंगमंचावर प्रकाशयोजना करण्यात गेलं. पण हा प्रश्न दिव्यांचा नाही आणि तुमच्या गटापुरताही नाही. ब्राझीलमधल्या बाहिया प्रांतातल्या मेस्त्रेंनी, म्हणजे कापोएराच्या गुरूंनी, तो शंभर वर्षं अंगावर घेतलेला आहे. म्हणून आधी तिकडचं सांगतो, मग तुमच्या आठ मिनिटांकडे येतो.

कापोएराला बघेच नव्हते असा काळ शोधायला गेलं तर सापडत नाही. जर्मन चित्रकार रुगेंडास यांचा ब्राझीलवरचा चित्रसंग्रह १८३५ च्या सुमारास छापला गेला. त्यातल्या एका चित्रात दोन माणसं एकमेकांसमोर पवित्रा घेऊन उभी आहेत, एक जण ढोलावर बसून तो वाजवतोय आणि भोवती लोक जमलेत. (त्या चित्रात भोपळा लावलेला एकतारी बेरिंबाव नाही. तो नंतर आला आणि सगळ्यांचा मालक झाला.) पुढे बाहियातल्या साल्वादोर शहरात चर्चच्या सणांना, विशेषतः ८ डिसेंबरच्या उत्सवात, चौकाचौकांत रोदे भरायचे. गोदीतले कामगार, हमाल, कोळी खेळायचे. बघे लोक रिंगणात पैसे टाकायचे आणि खेळणारे एकमेकांना हुलकावण्या देत, हात न लावता, ते तोंडानं उचलायचे. त्यासाठी वेगळं गाणं होतं. आता याला विधी म्हणशील की प्रयोग? मला तर तिथे दोन्ही एकाच अंगणात खेळताना दिसतात.

म्हणून 'आधी शुद्ध विधी होता, मग रंगमंचानं बिघडवला' ही गोष्ट मी मानत नाही. बिघडवणारे दुसरे होते. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १३ मे १८८८ ला कायद्यानं संपली आणि दोनच वर्षांनी, १८९० च्या दंडसंहितेत, रस्त्यात कापोएरा खेळणं हा गुन्हा ठरला. शिक्षा दोन ते सहा महिने कैद, टोळीच्या म्होरक्याला दुप्पट. रिओतून माणसं पकडून फर्नांदो दि नोरोन्या बेटावर पाठवली गेली. बेरिंबावचा काव्हालारिया नावाचा एक ठेका घोड्यांच्या टापांसारखा वाजतो. घोडेस्वार पोलीस आल्याचा इशारा म्हणून तो वाजवत, असं जुने लोक सांगतात. १९४० च्या नव्या दंडसंहितेत ते कलम राहिलं नाही. म्हणजे आज ज्याला जगभर वारसा म्हणतात, तो खेळल्याबद्दल पन्नास वर्षं माणसाला तुरुंग होता.

आणि हे सगळं आपल्यापासून फार लांबचं आहे असं समजू नकोस. गोव्याहून लिस्बनला परतणारी पोर्तुगीज गलबतं वाटेत साल्वादोरला थांबत. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरचं कापड त्याच समुद्रमार्गांनी पुढे अंगोलातल्या लुआंडा बंदरात पोचत होतं, आणि तिथे त्या कापडाच्या मोबदल्यात माणसं विकत घेतली जात होती. त्याच माणसांना बाहियात आणि रिओत उतरवलं गेलं. कापोएरा शिकणाऱ्या मराठी मुलीला हे माहीत असावं, म्हणून लिहिलं.

आता रोद्याकडे येतो. पावसाळ्यात तू मला तुमच्या रविवारच्या रोद्याला नेलंस, तेव्हा खुर्चीत बसून मी काय बघत होतो ते सांगतो. तीन बेरिंबाव ओळीत होते: मोठ्या भोपळ्याचा, खर्जातला गुंगा, त्याच्या शेजारी मेदिओ आणि लहान भोपळ्याचा, चढ्या आवाजाचा व्हिओला. बाजूला अताबाकी हा उभा ढोल, झांजा लावलेल्या डफासारखे पांदेइरो, अगोगोच्या घंटा, खरवडून वाजवायचा रेको-रेको. गुंगा धरलेल्या माणसानं हाळी दिली आणि तो एकटाच गायला लागला. ती लादाइन्या. ती चालू असताना कोणीही हललं नाही. तू आणि तुझी जोडीदार गुंगाच्या पायाशी उकिडव्या बसला होतात. मग स्तवन सुरू झालं, देवाचं, गुरूचं, आणि सगळं रिंगण त्याला उत्तर देऊ लागलं. त्यानंतर छोटी, सवाल-जवाबाची गाणी आली, तेव्हा कुठे तुम्ही जमिनीला हात लावून आत शिरलात. तोवर बराच वेळ गेला होता आणि एकही लाथ उडाली नव्हती.

मध्येच तुझी जोडीदार थांबली आणि हात पसरून उभी राहिली. तू लगेच पुढे गेली नाहीस. लांबून फिरलीस, खाली वाकलीस, तिचे गुडघे कुठे आहेत ते बघितलंस आणि मग सांभाळून तिच्या तळव्यावर तळवा ठेवलास. दोघी काही पावलं पुढे गेलात, काही मागे आलात. नंतर तू सांगितलंस की ही शामादा, आणि त्या चालण्यात कुठल्याही क्षणी गुडघा किंवा डोकं येऊ शकतं. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. टाळी घेण्यासारखं तिथे काही नव्हतं, पण रिंगणातला एकही माणूस दुसरीकडे बघत नव्हता. मग गुंगावाल्यानं तार छेडून तुम्हाला परत बोलावलं आणि तुम्ही रंगात आलेला खेळ तिथेच सोडून त्याच्या पायाशी आलात. जिंकलं कोण, हे कोणी विचारलं नाही.

रंगमंचाच्या माणसाला यातून दोन गोष्टी कळतात. एक, रोद्यात प्रेक्षकाला काम असतं. तो टाळ्या धरतो, गाण्याला उत्तर देतो, कदाचित पुढच्या डावाला आत जातो. त्याचा आवाज पडला की खेळ पडतो. दोन, पुढे काय होणार ते तिथे कोणालाच ठाऊक नसतं, गुंगा धरणाऱ्यालाही नाही. विधी म्हणजे ठरलेलं सगळं जसंच्या तसं करणं, असा आपला समज असतो. कापोएराच्या विधीत दार ठरलेलं आहे, आतलं काहीच ठरलेलं नाही.

आता मेस्त्रेंकडे ये. तुमच्या गटातले लोक ज्या दोन माणसांची नावं भक्तीनं घेतात, ते दोघेही लोकांसमोर उभे राहिले. मेस्त्रे बिंबा, म्हणजे मानुएल दोस रेइस माशादो, यांनी १९३६ मध्ये साल्वादोरात कुस्ती-बॉक्सिंगसारख्या जाहीर लढती केल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या शाळेची सरकारदरबारी नोंद झाली. वाद्यमेळ त्यांनी एक बेरिंबाव आणि दोन पांदेइरो एवढाच ठेवला, डावांचे क्रमवार पाठ बसवले, आणि शिकायला येणाऱ्याचं शिक्षण किंवा काम चालू असलंच पाहिजे असा नियम केला. भटक्या-गुंडाचा खेळ हा शिक्का त्यांना पुसायचा होता. १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेतुलिओ व्हार्गास यांच्यासमोर त्यांच्या शिष्यांचं प्रात्यक्षिक झालं. ज्या राज्यानं कापोएरासाठी तुरुंग ठेवला होता, त्याचा प्रमुख समोर बसून बघत होता. पर्यटकांसाठीचे कार्यक्रमही बिंबांनी केले.

मेस्त्रे पास्तिन्या यांचा स्वभाव वेगळा. त्यांनी १९४१ मध्ये कापोएरा अंगोलाची शाळा काढली आणि १९५५ पासून ती साल्वादोरच्या पेलोरिन्यो भागातल्या एका जुन्या घरात चालवली. खेळाडूंचे कपडे पिवळे-काळे, त्यांच्या लाडक्या इपिरांगा फुटबॉल क्लबच्या रंगांचे. खेळ जमिनीलगतचा, संथ, डावपेचांचा. परंपरेचे रक्षक म्हणून आज त्यांचंच नाव घेतात, पण त्यांच्या शाळेत लेखक-चित्रकारांइतकेच परदेशी पाहुणेही येऊन बसत. १९६६ मध्ये, सत्तरी उलटून गेल्यावर, ते शिष्यांना घेऊन सेनेगलमधल्या दाकारला कृष्णवर्णीय कलांच्या पहिल्या जागतिक महोत्सवाला गेले. ज्या खंडातून माणसं बेड्या घालून नेली होती, तिथे त्यांचे वंशज कापोएरा घेऊन परत गेले, आणि गेले ते एका महोत्सवाच्या निमंत्रणावर. तुमच्या गटातल्या शुद्धतावाद्यांना हे जरूर वाचून दाखव.

खरं वळण साठच्या दशकात आलं. १९६२ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च मान मिळवलेल्या 'ओ पागादोर दि प्रोमेसास' या ब्राझिलियन चित्रपटात चर्चच्या पायऱ्यांवर कापोएरा दिसतो. त्याच वर्षी एमिलिया बियांकार्दी या संगीतशिक्षिकेनं साल्वादोरात 'व्हिव्हा बाहिया' हा लोककलांचा संच उभा केला. कापोएरा, माकुलेले या नाचातल्या काठ्या, समुद्रातून जाळं ओढणारे कोळी, सांबा आणि कांदोम्ब्ले या आफ्रो-ब्राझिलियन धर्मातल्या देवतांची नृत्यं, हे सगळं एका संध्याकाळच्या कार्यक्रमात बसलं. बाहियातल्या लोककलांच्या अनेक संचांनी पुढे साधारण हाच क्रम धरला. १९८८ मध्ये सुरू झालेल्या 'बाले फोल्क्लोरिको दा बाहिया'चा कार्यक्रमही याच घाटाचा.

इथे माझ्या धंद्यातलं एक निरीक्षण सांगतो. साध्या प्रेक्षागृहात दहाव्या रांगेतून रंगमंचाची जमीन नीट दिसत नाही. समोरच्या डोक्यांच्या वर जे येतं तेवढंच दिसतं. आता कापोएराचा कुठला भाग उरेल ते बघ. हवेतली उडी उरेल, उंच फिरवलेली लाथ उरेल. जमिनीवर तळवे टेकून केलेली नेगाचिव्हा, पाय हळूच ओढून पाडणारी रास्तेइरा, शामादातला तो संशय, हे सगळं पुढच्या डोक्यांआड जाईल. खेळणाऱ्याला ते कळतं. मग तो हळूहळू वर, आणखी वर खेळायला लागतो आणि त्याची नजर जोडीदारावरून सुटून प्रेक्षागृहाकडे जाते. वाद्यं मागच्या पडद्याजवळ ढकलली जातात, कारण रिंगण प्रेक्षकांच्या बाजूनं उघडावं लागतं. गुंगा आता खेळणाऱ्याच्या पाठीमागे असतो. ज्याच्या पायाशी बसून आत यायचं, त्याच्याकडेच पाठ. यात कोणाचं पाप नाही, नाट्यगृहाच्या बांधणीतच ते आहे. पण जो हे ओळखून उपाय करत नाही त्याच्या कार्यक्रमात कसरत उरते, कापोएरा उरत नाही.

बाहियातलेच अभ्यासक वाल्देलोइर रेगो यांनी १९६८ च्या आपल्या जाडजूड ग्रंथात पर्यटनानं कापोएराची चाललेली हानी स्पष्ट शब्दांत लिहिली. त्यांचा संताप मला पटतो. पण त्याच रंगमंचानं कापोएरा समुद्रापार नेला हेही तेवढंच खरं. नृत्याच्या निमित्तानं जेलोन व्हिएरा १९७५ मध्ये न्यूयॉर्कला गेले, तिथेच त्यांनी नृत्यसंस्था उभी केली आणि शिकवायला सुरुवात केली. मागोमाग इतर मेस्त्रे अमेरिकेत, युरोपात गेले. कार्यक्रम बघून कोणीतरी विचारायचं, शिकवाल का? असे वर्ग उभे राहिले, आणि त्या वर्गांतून शिकलेल्यांनी पुढे आणखी देशांत शिकवलं. मुंबईत तुला एक गुरू मिळाला तो या वाटेनंच.

मग माझी तक्रार काय? ती कलेपेक्षा व्यवहाराची आहे, आणि ती मला फार लागते. बिंबांना बाहियात पुरेसा आधार मिळाला नाही म्हणून म्हातारपणी ते गोइयानिया शहरात गेले आणि १९७४ मध्ये तिथेच वारले. बाहियाच्या विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली ती १९९६ मध्ये, मृत्यूनंतर बावीस वर्षांनी. पास्तिन्यांचं घर १९७१ मध्ये दुरुस्तीच्या नावाखाली रिकामं करून घेतलं गेलं आणि ते त्यांना परत मिळालं नाही. पुढे तिथे उपाहारगृह झालं. दृष्टी गेलेले पास्तिन्या १९८१ च्या नोव्हेंबरात हलाखीत वारले. दाकारला त्यांच्याबरोबर गेलेले जुआंव ग्रांदे एके काळी पेट्रोल पंपावर काम करत होते आणि रात्री पर्यटकांच्या कार्यक्रमात खेळत होते. ऐंशीच्या दशकात तरुण मेस्त्रेंनी जाऊन त्यांना पुन्हा शिकवायला आणलं. १९९० मध्ये ते न्यूयॉर्कला गेले, शाळा काढली, आणि २००१ मध्ये अमेरिकेनं त्यांना लोककलांसाठीचा राष्ट्रीय सन्मान दिला. म्हणजे पास्तिन्यांच्या शिष्यालाही मान मिळायला देश सोडावा लागला. रंगमंचानं या माणसांची कला घेतली, तिची तिकिटं विकली, आणि त्यांचं म्हातारपण मात्र वाऱ्यावर सोडलं. कापोएरा बघून टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवं.

आणखी एक. ब्राझीलच्या वारसा संस्थेनं २००८ मध्ये दोन गोष्टींची नोंद केली: रोदा आणि मेस्त्रेचं काम. युनेस्कोनं २०१४ मध्ये आपल्या यादीत घेतला तोही रोदाच. लाथा, उड्या, कोलांट्या यांची नोंद कोणी वेगळी केली नाही. जपायचं काय, हे तिथल्या लोकांना पक्कं माहीत आहे. डाव एखादी जिम्नॅस्टही शिकेल. रिंगण भरवायला माणसं लागतात, गाणी लागतात, आणि गुंगा कधी थांबवायचा हे कळणारा एक जण लागतो.

तेव्हा माझं मत असं की कार्यक्रम करा. पण आयोजकांशी बोलून काही गोष्टी आधीच ठरवून घ्या. रिंगण प्रेक्षकांसाठी उघडू नका, पूर्ण गोल ठेवा. काही प्रेक्षकांना तुमच्या पाठी दिसतील, दिसू देत. जमलं तर शे-दीडशे लोकांना रंगमंचावरच तीन बाजूंनी बसवा आणि त्यांना सुरुवातीलाच एक उत्तर गायला शिकवा. बसलेला माणूस गायला लागला की निम्मं काम झालं. वाद्यं मागे नेऊ नका, एका बाजूला पुढे घ्या, म्हणजे खेळणाऱ्यांना आणि बघणाऱ्यांना गुंगा सतत दिसत राहील. लादाइन्या कापायची नाही. आठातली दोन-अडीच मिनिटं त्यात गेली तरी चालतील. त्या वेळात कोणी नाचायचं नाही, पडद्यावर चित्रं दाखवायची नाहीत. खेळाची तालीम करायची नाही. फक्त आत कोण आणि कोणाबरोबर जाणार एवढं ठरवा. सहाव्या मिनिटाला गुंगावाल्यानं थांबवलं, तर तिथे संपलं. आयोजकांना तसं आधीच सांगून ठेवा, नाहीतर विंगेतून हातवारे सुरू होतात.

देवतांचे पोशाख घालून कोणी येऊ नये. तो कांदोम्ब्लेच्या लोकांचा ऐवज आहे, दीक्षेचा आहे. निवेदनात 'गुलामांनी मालकाला फसवायला नृत्यात लपवलेली युद्धकला' हे वाक्य घेऊ नका. ते कानाला गोड लागतं म्हणून सगळीकडे फिरतं. त्याला आधार मात्र फार थोडा आहे. त्याऐवजी १८९० चा कायदा सांगा, पास्तिन्यांचं घर कसं गेलं ते सांगा. नुसती नावं आणि सालं सांगितली तरी लोक ऐकतात, मी खूपदा पाहिलंय.

प्रकाशाचं विचारलं होतंस. वरून एकच उबदार, रुंद झोत, रिंगणाच्या मापाचा, आणि वाद्यांवर तेवढाच उजेड जेवढा खेळावर. रंगीत दिवे नकोत, फिरते तर मुळीच नकोत. गोंधळ रंगमंचावर आला तेव्हा दिवटीचा उजेड मरू नये म्हणून मी माझे सगळे दिवे खाली आणले होते. तुमच्याकडे दिवटीच्या जागी गुंगा आहे, त्याच्यावर कशानंही मात होता कामा नये. ध्वनिक्षेपकवाल्यालाही हेच सांग: गुंगाचा माइक सगळ्यात आधी लाव, आणि मुद्रित संगीत आणू नकोस.

राहता राहिलं मानधन. ते किती आहे हे आधी विचारायला लाजू नका. त्यातला मोठा वाटा तुमच्या गुरूंना द्या आणि ज्या मेस्त्रेंकडे ते शिकले, त्यांच्यापर्यंत काही पोचेल असं बघा. आणि महोत्सव रविवारी असला तरी त्या दिवशीचा रोदा रद्द करू नका. सकाळी नेहमीच्या जागी भरवा, मग रंगमंचावर जा.

तुझा,
आजोबा